नळी, सेन्सर की अख्खा डीपीएफ? जयपुरातल्या डिझेल गाडीवाल्यांसाठी खर्चाचा हिशेब

जयपुरात बदलीवर आलेल्या मराठी घरांत ही तक्रार बरेचदा ऐकू येते. पुण्याहून किंवा नाशिकहून चालवत आणलेली डिझेल गाडी हजार-बाराशे किलोमीटर कुरकुर न करता येते. मग मानसरोवर ते शाळा, शाळा ते ऑफिस, संध्याकाळी वैशाली नगर अशा फेऱ्या सुरू होतात आणि काही महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. गाडी उचलत नाही. चावी काढल्यावरही पंखा घरघरत राहतो. सर्व्हिस सेंटरमधला माणूस संगणकाकडे बघून म्हणतो, "सर, प्रेशर सेन्सर गया है, डीपीएफ भी चोक है." मग एस्टिमेटचा कागद येतो, आणि त्यावर सात हजारांपासून दीड लाखापर्यंत काहीही असू शकतं.

एकाच दिव्यासाठी एवढी तफावत असते, कारण दिवा लागण्यामागे चार-पाच वेगवेगळी कारणं असतात. त्यांतलं सगळ्यात स्वस्त कारण म्हणजे काही शे रुपयांची रबरी नळी. त्यामुळे पहिले हजार रुपये तपासणीवर घाला आणि ती होईपर्यंत कुठलाही भाग बदलू देऊ नका.

हा सेन्सर मोजतो काय?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून ४.५ मिलिग्रॅमवर आली. इंजिन कितीही चांगलं असलं तरी गाळणीशिवाय हा आकडा गाठणं अवघड, म्हणून सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ आला. डीपीएफ म्हणजे हजारो बारीक नळ्यांची सिरॅमिकची जाळी. धूर तिच्या भिंतींतून झिरपून बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते.

अडकलेली काजळी कधीतरी जाळायला लागते. ती किती साठली हे इंजिनच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, आत डोकावून बघता येत नाही. म्हणून डीपीएफच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक नळ्या काढून त्या आगपेटीएवढ्या एका सेन्सरला जोडलेल्या असतात. काजळी वाढली की आधीच्या बाजूचा दाब चढतो, नंतरचा फारसा हलत नाही. सेन्सर हा फरक सांगतो. काही मॉडेलांत एकच नळी असते आणि दुसरं तोंड बाहेरच्या हवेला उघडं असतं. फरक ठरावीक रेषेपलीकडे गेला की ईसीयू सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडतो, डीपीएफचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. ते दहा ते वीस मिनिटं चालतं आणि चालकाला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही.

हा सेन्सर खोटं बोलू लागला तर दोन्हीकडून पंचाईत. तो कमी दाब दाखवत राहिला तर काजळी साचत जाते आणि ईसीयू गाफील राहतो. जास्त दाखवत राहिला तर स्वच्छ डीपीएफसुद्धा पुन्हा पुन्हा जाळला जातो आणि डिझेल फुकट जातं.

तुमची गाडी पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर हा लेख बहुतेक तुमच्यासाठी नाही. भारतातल्या बहुसंख्य पेट्रोल गाड्यांत हा भागच नसतो. तिथे सायलेन्सरच्या वाटेत ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याचं काम वेगळं आणि भावही वेगळा. पेट्रोल गाडीच्या एस्टिमेटवर "एक्झॉस्ट प्रेशर सेन्सर" दिसला तर बोनेट उघडून तो कुठे आहे ते दाखवायला सांगा. जुन्या बीएस-४ डिझेलपैकीही पुष्कळ गाड्यांत डीपीएफ नव्हता.

लक्षणं

सगळ्यात आधी जातो तो पिकअप. ओव्हरटेक करायला पाय दाबावा तर गाडी दोन-अडीच हजार आरपीएमच्या वर जायला कां-कू करते. ईसीयूने स्वतःहून ताकद कापलेली असते. त्याच्या आगेमागे ॲव्हरेज पडतं. सतराची गाडी चौदावर आली आणि डिझेल लिटरला नव्वद रुपये धरलं, तर दर हजार किलोमीटरला साडेबारा लिटर, म्हणजे अकराशेहून जास्त रुपये जादा जळतात. नळीची किंमत तेवढ्यात सुटते.

उभ्या गाडीचे आरपीएम विनाकारण थोडे चढलेले असणं, पंखा जोरात फिरणं आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडासारखा वास येणं ही रीजनरेशन चालू असल्याची चिन्हं आहेत. महिन्यातून एखाद-दोनदा असं झालं तर काळजी नको. दर दोन-तीन दिवसांनी होऊ लागलं तर एक तर ते दर वेळी अर्धवट राहतंय, नाहीतर सेन्सर चुकीचा दाब सांगतोय.

एक लक्षण लोक बघतच नाहीत, ते म्हणजे इंजिन ऑइलची पट्टी. रीजनरेशन अर्धवट राहिलं की उशिरा सोडलेल्या डिझेलपैकी थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे ऑइल कमी होण्याऐवजी वाढतं. सकाळी सपाट जागी, थंड इंजिनवर पट्टी काढा. पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे गेली असेल आणि वासाला डिझेल लागत असेल तर गाडी चालवत राहू नका. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं, आणि टर्बोच्या बिलापुढे सेन्सरचं बिल किरकोळ वाटेल.

कोड काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

स्कॅनर लावला की बहुधा यांपैकी काहीतरी निघतं: पी२४५२ ते पी२४५५ हे डीपीएफ प्रेशर सेन्सरच्या सर्किटचे, पी२४६३ म्हणजे काजळी जास्त, पी२४२एफ म्हणजे राख साठली, पी२००२ म्हणजे डीपीएफ काम नीट करत नाही. यांतला पी२४५३ वाचून सेन्सर बदलणारे मिस्त्री खूप आहेत. पण तो कोड एवढंच सांगतो की सेन्सरकडून आलेला आकडा ईसीयूला पटला नाही. आकडा न पटण्यामागे फुटलेली नळी, बुजलेली नळी, उंदराने कुरतडलेली वायर, सैल प्लग किंवा खरोखर मेलेला सेन्सर यांपैकी काहीही असू शकतं.

म्हणून कोडच्या कागदावर थांबू नका. "लाइव्ह डेटा दिखाइए" म्हणा आणि स्क्रीनसमोर उभे राहा. आकडा किलोपास्कलमध्ये असेल किंवा हेक्टोपास्कलमध्ये. एक किलोपास्कल म्हणजे दहा हेक्टोपास्कल, आणि हेक्टोपास्कल आणि मिलिबार एकच.

आधी चावी चालू, इंजिन बंद. दोन्ही बाजूंना सारखाच दाब आहे, त्यामुळे आकडा शून्य किंवा शून्याला चिकटून हवा. इथेच दोन-तीन किलोपास्कल दिसले तर सेन्सरवर संशय घ्यायला जागा आहे. खात्री करायची तर दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढून पुन्हा बघायचं. मोकळ्या सेन्सरनेही शून्य दाखवलं नाही, वायरिंग आणि प्लग नीट आहेत, तर तो गेला.

मग इंजिन सुरू. गरम इंजिन, उभी गाडी, डीपीएफ ठीक असेल तर आकडा साधारण एक-दीड किलोपास्कलच्या आत राहतो. आरपीएम तीन हजारांपर्यंत नेले की तो स्पष्टपणे चढायला हवा आणि पाय काढला की उतरायला हवा. उभ्या गाडीतच आकडा खूप वर असेल आणि रेस दिल्यावर भराभर चढत असेल, तर सेन्सर बहुधा खरं बोलतोय आणि डीपीएफ तुंबलाय. तीन हजारांवरही शून्यावर अडून बसला तर नळी बहुधा निघालेली, फुटलेली किंवा बुजलेली आहे. उणे आकडा दिसला तर कुणीतरी दोन नळ्या उलट्या लावल्यात. आधीच्या दुरुस्तीनंतर हे सर्रास होतं.

हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये याचे पाचशे ते हजार रुपये घेतात, कंपनीच्या सेंटरमध्ये थोडे जास्त. फक्त कोड वाचून "क्लिअर कर दिया" म्हणणाऱ्याला हे पैसे देऊ नका. कोड पुसला म्हणजे आजार गेला असं नाही.

नळीकडे आधी बघा

सेन्सर बहुतेक गाड्यांत इंजिनच्या मागच्या भिंतीजवळ, वरच्या बाजूला बसवलेला असतो. काळ्या प्लास्टिकचं बूड, एका बाजूला तीन पिनांचा प्लग आणि खाली दोन तोट्या. बऱ्याच सेन्सरांवर एक तोटी जाड आणि एक बारीक असते, म्हणजे नळ्यांची अदलाबदल होऊ नये. तोट्यांपासून रबरी नळ्या निघतात आणि पुढे लोखंडी नळ्यांना जोडून डीपीएफपर्यंत जातात. रबर त्या लोखंडी टोकापाशी भाजून कडक होतं आणि त्याला तडे जातात. नळी हाताने वाकवून बघितली की तडा उघडतो आणि कडेला काजळीची काळी रेघ दिसते. ही रेघ दिसली की पुढचं एस्टिमेट फाडायला हरकत नाही.

दुसरा प्रकार बुजण्याचा. धुरात पाण्याची वाफ असते. जयपूरच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारल्या की ही वाफ नळीतच थंड होते, काजळी भिजून चिखल होतो आणि नंतर सुकून घट्ट बसतो. मिस्त्री नळी दोन्ही टोकांनी काढतो, बारीक तार फिरवतो, हवा मारतो. हवा मारताना सेन्सर जोडलेला नसावा, नाहीतर आतला नाजूक पडदा तिथेच फाटेल. हे मिस्त्रीला आठवण करून द्यायला लाजू नका.

नळी बदलायला मजुरीसह तीनशे ते दीड हजार लागतात, मॉडेलप्रमाणे. साधी पाण्याची किंवा हवेची नळी कापून लावू देऊ नका. ती उष्णता सोसत नाही.

सेन्सर बदलायचाच ठरला तर

मध्यम आकाराच्या एसयूव्हीसाठी कंपनीचा सेन्सर साधारण चार ते आठ हजारांत बसतो, बाजारातला नामांकित ब्रँड अडीच ते पाच हजारांत. मोठ्या आणि आयात गाड्यांचं गणित वेगळं. बसवायची मजुरी पाचशे ते हजार. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. सहा हजार मूळ किमतीचा भाग आता ७,०८० ला पडतो, पूर्वी ७,६८० ला पडत होता. जुना दरफलक दाखवणाऱ्याला एवढं विचाराच: भाव कराआधीचा की करासह?

सीतापुऱ्यात बॉशने डिझेल पंपांचा कारखाना घातलेला, त्यामुळे इथल्या मिस्त्रींना हे नाव घरचं आहे, आणि नकली डबेही याच नावाचे जास्त. बिल, पार्ट नंबर आणि डब्यावरचा क्यूआर कोड तपासल्याशिवाय काउंटर सोडू नका. जुन्या सेन्सरवरचा नंबर आणि नव्यावरचा नंबर जुळला पाहिजे. "सेम ही है" हे उत्तर चालणार नाही, कारण दिसायला सारख्या दोन सेन्सरांची मोजपट्टी वेगळी असू शकते.

नवा सेन्सर लावल्यावर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने ईसीयूला ते कळवावं लागतं आणि शून्य जुळवून घ्यावं लागतं. हे केलं नाही तर आठवड्याभरात तोच दिवा पुन्हा दिसतो आणि मग सगळा दोष डीपीएफवर जातो. काम हाती देण्याआधीच विचारा की शून्य जुळवणी एवढ्या मजुरीत धरली आहे ना.

डीपीएफ खरोखर तुंबला असेल तर

आधी गाडीवरच सक्तीचं रीजनरेशन करतात. स्कॅनरने आज्ञा द्यायची आणि गाडी उघड्यावर उभी ठेवायची. दीड ते साडेतीन हजार. हे बंद गॅरेजमध्ये किंवा वाळक्या गवतावर कधीच होऊ देऊ नका, खालचा भाग भट्टीसारखा तापतो. आणि त्याआधी ऑइलची पातळी बघायची, नंतर गरज असल्यास ऑइल बदलायचं. ऑइल कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचं, बऱ्याच गाड्यांना एसीईए सी२ किंवा सी३. स्वस्तातलं साधं डिझेल ऑइल टाकलं की त्यातली राख डीपीएफमध्ये कायमची बसते. काजळी जळते, राख जळत नाही.

त्याने भागलं नाही तर सफाई. गाडीवरच सेन्सरच्या तोंडातून रसायन सोडायचे चार ते आठ हजार, डीपीएफ उतरवून यंत्रावर धुवायचे दहा ते अठरा हजार. पत्रा कापून किंवा तोंडातून प्रेशरने पाणी, रॉकेल मारणारेही भेटतील. त्याने सिरॅमिकला चिरा जातात. नव्या डीपीएफचं बिल सत्तर हजारांपासून दीड लाखापर्यंत आणि पुढेही जातं. तिथवर जाण्याआधी स्कॅनरमधली काजळीची आणि राखेची नोंद छापून मागा. साठ-सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला राखेमुळे डीपीएफ बदलायची वेळ क्वचितच यावी. काजळीमुळे तुंबला असेल तर इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा पाइप यांपैकी कुणीतरी जास्त काजळी करतंय. ते शोधल्याशिवाय नवा डीपीएफ घातला तर तोही तुंबेल.

"हायवे पर भगा लो" या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. फक्त डीपीएफचा दिवा स्थिर लागला असेल, तर अनेक मॉडेलांच्या मॅन्युअलमध्ये ताशी साठच्या वर, दीड ते अडीच हजार आरपीएमवर, पंचवीसेक मिनिटं सलग चालवायला सांगतात. जयपुरात त्यासाठी टोंक रोड किंवा परकोट्याच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या शहराच्या, आसपासचे रस्ते निरुपयोगी. तिथे ई-रिक्षा पंचवीस सेकंदही सलग चालू देत नाहीत. रिंग रोड बरा, टोल मात्र पडतो. नाहीतर अजमेर रोडने बगरूपर्यंत किंवा आग्रा रोडने बस्सीपर्यंत सकाळी लवकर जाऊन या. पण इंजिनचा दिवाही लागला असेल आणि कोड सेन्सरचा असेल, तर बगरूपर्यंत जाण्यात अर्थ नाही. सेन्सरवर भरवसा नसताना बहुतेक ईसीयू रीजनरेशन सुरूच करत नाहीत. आधी सेन्सर नीट करा, मग हायवे. दिवा लुकलुकत असेल तर सरळ गॅरेज.

"निकाल दो, झंझट खत्म"

ट्रान्सपोर्ट नगरापासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत हा सल्ला मिळेल: डीपीएफची जाळी फोडून काढायची, ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलायचं. नव्या डीपीएफपेक्षा हे बरंच स्वस्त पडतं म्हणून लोक भुलतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ(४) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते ती वेगळीच. शहराच्या हवेचा विचार बाजूला ठेवला तरी हा सौदा मला पटत नाही.

वॉरंटीबद्दल थोडं भांडायला तयार राहा. काजळीने तुंबलेला डीपीएफ हा "वापराचा दोष" म्हणून कंपन्या सहसा नाकारतात. पण सेन्सर हा विजेचा भाग आहे; वॉरंटीच्या काळात तो गेला आणि त्यामुळे डीपीएफ तुंबला असेल, तर बिल तुम्ही का भरायचं? बहुतेक सर्व्हिस बुकांत उत्सर्जनाच्या वॉरंटीचं पान वेगळं असतं, ते आधी वाचा. नकार दिला तर कारणासह लेखी मागा, जॉब कार्डची प्रत ठेवा, बदललेला जुना भाग परत घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते.

सेकंड हँड डिझेल घेणाऱ्यांनी हीच चाचणी सौद्याआधी करावी. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून भिजत घोंगडं होऊन पडलाय, त्यामुळे डीएल नंबरच्या डिझेल गाड्या जयपूरच्या बाजारात भरपूर येतात, बीएस-६ सुद्धा. विक्रेत्यासमोर स्कॅनर लावा, इंजिन गरम करा, तीन हजारांपर्यंत रेस द्या. दाब शून्यावरच राहिला आणि नळ्या धड असतील, तर आतली जाळी बहुधा काढलेली आहे. आकडा अगदी हुबेहूब एकाच जागी गोठलेला दिसला तर सॉफ्टवेअरमध्ये हात घातलेला असण्याची शक्यता मोठी. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा: डीपीएफ शाबूत असलेल्या डिझेलचं तोंड जवळजवळ स्वच्छ असतं, बोट काळं कुळकुळीत झालं तर नव्या डीपीएफची अख्खी किंमत सौद्यातून वजा करा. विक्रेता त्याला तयार नसेल, तर दुसरी गाडी बघा.